सोराइदा आधी करायची, मग म्हणायची

सोराइदा माझी आतेबहीण, आणि मी तिच्या भावाशी लग्न केलं म्हणून माझी नणंदही. म्हणजे ती मला दोन बाजूंनी लागते आणि दोन्ही बाजूंनी टोचते. तांबो नदीच्या काठी आमचं चिम्पारीनी गाव आहे. तिथे आमची दोघींची घरं एकमेकींकडे तोंड करून उभी आहेत. मी सकाळी चूल पेटवायला उठते तेव्हा तिची पेटलेली असते. पन्नास वर्षं होत आली, एकदाही उलट झालेलं नाही.

तिच्याबद्दल वाईट लिहावं असं फारसं काही नाही. ही माझी जुनी अडचण आहे.

आम्ही लहान होतो तेव्हा आत्या आम्हाला शेजारी बसवून सूत कातायला लावायची. संध्याकाळी ती दोन्ही धागे उचलून उजेडात धरायची. माझा धागा खाली ठेवायची आणि तिचा गुंडाळून ठेवायची. कुश्मा, म्हणजे आमचा अंगभर झगा, विणायला शिकलो तेव्हाही तेच. सोराइदाच्या कुश्म्याचे पट्टे खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ उतरायचे. माझे पट्टे कंबरेपाशी पोचेपर्यंत दमायचे. मसातोचं, म्हणजे आमच्या कसाव्याच्या दारूचं, तर विचारूच नका. उकडलेला कसावा आम्ही सगळ्या मुली एकाच भांड्याभोवती बसून चघळायचो, चघळून भांड्यात टाकायचो, तोच कसावा, तेच भांडं. पण तिने एकटीने घरी केलेला मसातो दोन दिवसांत फसफसून वर यायचा आणि माझा चार दिवस नुसता माझ्याकडे बघत बसायचा. तिच्या तोंडात काय होतं देव जाणे. लग्न झाल्यावर माझा नवरा अबेलिनो, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, दुपारी म्हणायचा, "जरा बहिणीकडे जाऊन येतो." जाताना माणूस चालत जायचा, येताना गात यायचा.

मी हे सगळं सोसलं. नणंदेचा मसातो चांगला असतो, त्यात नवल नाही.

मग ती वाईट वर्षं आली, जेव्हा बंदूकवाले डोंगरातून उतरले आणि नदीकाठची गावं रिकामी झाली. आम्ही सगळे जंगलात पळालो. सोराइदाचा नवरा दुसऱ्या बाजूने पळाला आणि परत आला नाही. दोन लेकरं घेऊन ती तीन महिने आमच्याबरोबर चालली, कंदमुळं खाऊन. गावात परत आल्यावर एका माणसाने तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला खालच्या अंगाला, संगमापाशी पाहिलंय, लंगडतोय पण जिवंत आहे. ती तराफ्यावरून चार दिवस खाली गेली. तिथे कुणी नव्हतं. परत येऊन तिने त्या माणसाला विचारलं, "तू पाहिलंस?" तो म्हणाला, पाहिलं नाही, पण तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

ती त्याच्यावर ओरडली नाही. त्याला मसातोही दिला. पण तेव्हापासून तिचं बोलणं बदललं. जे झालं नाही ते तिच्या तोंडून बाहेर येईना. "उद्या पाऊस पडेल," एवढंही म्हणायची नाही. "ढग आलेत," म्हणायची आणि थांबायची. कुणी काही सांगितलं की एकच प्रश्न, पाहिलंस का? लोक तिच्याशी बोलताना जपून बोलू लागले. भांडण झालं की तिला साक्षीला बोलावू लागले. ज्या बाईचा नवरा नदीने गिळला की माणसांनी, हे तिला स्वतःलाच माहीत नाही, तिच्या शब्दाला गावप्रमुखापेक्षा जास्त वजन आलं. आणि मी, जिचा नवरा रोज घरी येऊन घोरत होता, मला त्या वजनाचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

आता नेलिदाबद्दल सांगते.

नेलिदा लिमाहून आली. तरुण पोरगी, पाय डासांनी फोडून काढलेले, पाठीवर एक पेटी. त्यात बोलणं साठवून ठेवायचं यंत्र होतं. शाळेचे एल्मेर मास्तर तिला घेऊन आले होते. पोरं आमचं बोलणं विसरत चाललीत, हे मास्तरांचं दुखणं खरं होतं. आमच्या बोलण्यात काम एकटं कधी फिरत नाही. होडीत बसावं तशी माणसं त्याच्यात बसलेली असतात. पुढे करणारा, मागे ज्याला केलं तो, आणि मधे ते काम. पुढे 'नो' बसला की मी, 'पी' बसला की तू, 'ई' म्हणजे तो आणि 'ओ' म्हणजे ती. शेवटी 'री' आला की त्याला, 'रो' आला की तिला. नोन्याकेरी म्हटलं की मी त्याला पाहिलं. ओन्याकेरी म्हटलं की तिने त्याला पाहिलं. एका शब्दात दोघं बसतात आणि होडी बुडत नाही. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण आताची पोरं शाळेत स्पॅनिश बोलतात आणि घरी येऊन कुणालाही कुठेही बसवतात. माझ्या नातवाने एकदा सांगितलं की कोंबडीने आजोबांना शिजवलं. अबेलिनो आठवडाभर ते सगळ्यांना सांगत फिरला.

तर शाळेसाठी पुस्तक करायचं होतं. या कामाच्या शब्दांना नेलिदा क्रियापदं म्हणायची. एक म्हातारी बाई हवी होती, जी तीन आठवडे रोज तिच्यासमोर बसून ती सांगेल. पुस्तकात तिचं नाव छापलं जाणार होतं, आणि गावातली सगळी पोरं तिच्या बोलण्यावरून शिकणार होती.

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? मी शाळेत दोनच पावसाळे गेले, पण गावात माझ्याइतकं कुणी बोलत नाही, हे माझे शत्रूही सांगतील. माझ्या सात नातवंडांनी शाळेत बसून माझं बोलणं मोठ्याने वाचावं, एवढं एक मला आयुष्यात मिळावं असं वाटलं. सूत तिचं सरळ होतं, मसातो तिचा फसफसायचा, पण बोलणं माझं होतं.

नेलिदा पहिल्या दिवशी घरोघर गेली. मी कोंबडी कापली, नवा कुश्मा घातला, गालांवर शेंदरीच्या बियांचा रंग ओढला. तिने दहा गोष्टी विचारल्या, मी तिचं विचारून व्हायच्या आधी सांगितल्या. तिने मला छान म्हटलं आणि कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले. मग ती समोरच्या घरात गेली. मी दारातून बघत होते. तिने सोराइदाला विचारलं, मी तुला पाहिलं, हे कसं म्हणतात? सोराइदा हातातलं काम ठेवून तिच्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिली की पोरगी लाजली. मग तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेतलं स्टूल सोराइदाच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. कोंबडी माझी खाल्ली आणि स्टूल तिला दिलं.

मी अबेलिनोला म्हटलं, तुमच्या बहिणीला निवडलंय. तो म्हणाला, बरं झालं, आता तिच्याकडे रोज मसातो असेल. त्या माणसाकडून मला दुसऱ्या कशाची अपेक्षाही नव्हती.

सोळा दिवस मी माझ्या ओसरीवर बसून कसावा सोलला. एवढा कसावा आमच्या घरात कुणी खात नव्हतं. समोर काय चाललंय ते मला सगळं ऐकू यायचं, आणि जे चालायचं ते पाहून माझी सुरी सालीबरोबर कसावाही कापत जायची. कारण सोराइदा काही सांगतच नव्हती. नेलिदा विचारायची, मी मासा खाल्ला, हे कसं म्हणायचं? सोराइदा म्हणायची, कुठे खाल्ला? अजून चुलीवर आहे. मग दोघी मासा शिजेपर्यंत बसायच्या, तो खायच्या आणि मग बोट चाटत सोराइदा शब्द द्यायची. 'मी खणलं' हवं असलं की ती नेलिदाला मळ्यात घेऊन जायची, आधी स्वतः खणायची, मग तिला खणायला लावायची, आणि मग 'मी', 'तू', 'ती', सगळं एकदम मिळायचं, चिखलासकट. 'त्याने मला नदीपार नेलं' हवं होतं, तर तिने पाब्लिनोच्या मोटारहोडीतून सगळ्यांना पलीकडच्या काठावर नेलं आणि आणलं. पाब्लिनो पुढे महिनाभर तेलाबद्दल बोलत होता.

'चावलं' यासाठी तीन दिवस गेले. कुणी कुणाला चावेना. चौथ्या दिवशी वाटेत एका मोठ्या काळ्या मुंगीने नेलिदाच्या टाचेला धरलं. पोरगी एका पायावर नाचत रडत होती आणि सोराइदा शांतपणे तिला म्हणत होती, "आता लिही. ती तुला चावली." गावभर हसू पसरलं. लहान पोरं एकमेकांना चिमटे काढून तो शब्द म्हणत फिरत होती. गेल्या कित्येक वर्षांत पोरांनी आमचा एखादा शब्द इतका अचूक म्हटला नव्हता, आणि तो सोराइदाचा होता.

एकदा नेलिदाने आम्हा दोघींना ऐकू येईल असं सांगितलं की इथून पार लांब, ज्या नद्यांची नावंही आम्ही ऐकली नाहीत तिथल्या लोकांच्या बोलण्यातही पुढे 'नो'सारखाच आवाज बसतो आणि त्याचा अर्थ 'मी' असाच होतो. या सगळ्या भाषा एकाच कुळातल्या आहेत म्हणे. सोराइदा नदीकडे वळली. म्हणाली, "म्हणजे कुणीतरी कधीतरी वेगळ्या वाटेने पळालं आणि परत आलं नाही." नेलिदाने ते वहीत लिहून घेतलं. मी समोर बसून होते, मलाही त्यावर काही तरी सुचत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

नेलिदाच्या वहीत मोठमोठे चौकोन आखलेले होते. आडव्या ओळीत करणारे, उभ्या ओळीत ज्यांना केलं ते. सोराइदाच्या या रीतीमुळे त्यातले बरेच चौकोन रिकामे होते. 'मी तुला मारलं', 'त्याने तिला सोडलं', 'तू मला फसवलंस'. सोराइदा म्हणाली, हे झालेलं नाही, होऊही नये, राहू दे मोकळं. मी मनात म्हटलं, मोकळं ठेवायला चौकोन कुणी आखतं का?

मग सोळाव्या दिवशी तिच्या मुलीचा निरोप आला. रोसेंदा खालच्या गावात बाळंत होणार होती. सोराइदा सकाळच्या होडीने गेली. नेलिदा आठ दिवसांनी लिमाला परत निघणार होती आणि वहीतले अर्धे चौकोन उघडे होते.

मी मसातोचं भांडं डोक्यावर घेतलं आणि समोर गेले. "वन्सं गेल्या," मी म्हटलं, "पण मी आहे."

नेलिदा जरा घुटमळली. सोराइदाबाईंनी सांगितलं होतं की त्या येईपर्यंत थांबावं, असं म्हणाली.

"त्यांनी काय सांगितलं ते मला सांगू नकोस," मी म्हटलं. "तू विचार."

आणि तिने विचारलं. मी त्या स्टुलावर बसले. बाई गं, तो दिवस. मी सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत सांगितलं आणि दुपारी परत सांगितलं. मी त्याला मारलं, त्याने मला मारलं, आम्ही त्यांना फसवलं, ती त्याला सोडून गेली, तू माझं चोरलंस. कुणी मळ्यात गेलं नाही, कुणाला मुंगी चावली नाही. होडीत हव्या त्या माणसाला हवं तिथे बसवलं आणि ढकलून दिलं. शेवटी शेवटी तिने मनातली कामं विचारली, प्रेम, राग, हेवा असलं. तीही मी घाईघाईत दिली, कारण ऊन उतरत होतं. तिने मोजलं, दोनशे सहा. सोराइदाने सोळा दिवसांत एकशे चाळीस दिले होते. नेलिदाचे डोळे चमकत होते. ती म्हणाली, ओतिलियाबाई, तुम्ही माझं काम वाचवलंत. मी घरी आले तर अबेलिनो झोपला होता, नाहीतर मी त्यालाही गाऊन दाखवलं असतं.

पाच दिवस मी सुखात होते. पाचही दिवस माझी चूल उशिरा पेटली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. समोरची चूल थंडच होती.

पुस्तक छापायच्या आधी ते गावसभेत वाचायचं असं आमचे गावप्रमुख कामिलो यांनी ठरवलं होतं. छापलं की ते राहणार, मागे घेता येणार नाही, आणि पोरं ते खरं मानणार, असं त्यांचं म्हणणं. ठरल्या दिवशी सकाळी सोराइदा परत आली, मुलगा झाल्याची बातमी घेऊन. थेट सभाघरात येऊन मागच्या खांबाला टेकून बसली. माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिच्या स्टुलावर बसले हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, मला कळलं नाही.

आधी तिची पानं वाचली. मास्तर एकेक ओळ वाचत होते आणि लोक माना डोलवत होते. पाब्लिनो म्हणाला, हो, मी नेलं होतं त्यांना, तेल संपलं होतं. एक बाई म्हणाली, ती मुंगी मी पाहिली. दुसरी म्हणाली, तो मासा माझ्या नवऱ्याने दिला होता. ओळ वाचली की कुणीतरी उठायचं आणि ती ओळ आपली म्हणून घ्यायचं. अशी एकशे चाळीस माणसं आणि मासे आणि मुंग्या तिथे येऊन बसल्या.

मग मास्तर म्हणाले, "आता ओतिलियाबाईंनी सांगितलेलं." मी कुश्मा सारखा केला.

"मी त्याला सोडलं," मास्तरांनी वाचलं.

मग अबेलिनोने मान वर केली. "केव्हा?" तो म्हणाला.

लोक हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. पण अबेलिनो हसत नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि त्याच्या शेजारचे दोघं माझ्याकडे बघत होते. नेलिदाने उभं राहून समजावलं की हे फक्त उदाहरण आहे, असं म्हणायचं झालं तर कसं म्हणतात, एवढंच. कामिलोंनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "म्हणायचं झालं तर म्हणू. झालंच नसेल तर कोण म्हणेल?"

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं की पोरं हे वाचतील आणि विचारतील, आजीने आजोबांना केव्हा सोडलं, तर काय सांगायचं? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, हे त्यातलं वाईट. आमच्यात कुणी उगाच बसल्याबसल्या असलं बोलत नाही. मी आयुष्यभर हे जाणून होते आणि एका स्टुलासाठी विसरले होते.

मग कामिलोंनी ठरवलं की एकेक ओळ वाचायची आणि मला विचारायचं, झालंय का. मी नाही म्हटलं की खोडायची.

मी त्याला मारलं. झालंय का? नाही. खोड. त्याने माझं चोरलं. झालंय का? पाब्लिनो म्हणाला, नाव घ्या, बघतो. नाही. खोड. त्यांनी आम्हाला जाळलं. इथे हसणं थांबलं. हे झालेलं होतं, वाईट वर्षांत, पण माझ्या तोंडून ते रिकामं आलं होतं. मी कुणाला आठवत तो शब्द सांगितलाच नव्हता. एका म्हातारीने डोळे पुसले. मी स्वतःच म्हटलं, खोडा. मास्तरांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी चाकूने तासून घेतलं आणि पुढे वाचलं. बायका भांड्यांतून मसातो वाढत फिरत होत्या. माझ्या हातातली तुंबडी भरलेलीच होती. एक पान गेलं, दुसरं गेलं, सहावं गेलं. कधी मधूनच मी 'मी कसावा सोलला' असलं काही दिलं असेल अशी मला आशा होती, पण मी मोठमोठीच कामं सांगितली होती. छोटी मला त्या दिवशी सुचलीच नव्हती.

मागे सोराइदा तुंबडी दोन्ही हातांत धरून ऐकत होती. एकदाही हसली नाही. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटचं पान निघालं. त्यावर दोन-चारच ओळी उरल्या होत्या. दोनशे पाच खोडल्या गेल्या, आणि मास्तरांनी शेवटची वाचली.

"मी तिचा हेवा केला."

कामिलोंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात आता थकवा आला होता. "झालंय का?"

एक नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मग पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोराइदाच, आणि माझी सात नातवंडं वर्षानुवर्षं तिचंच बोलणं वाचणार. हो म्हटलं तर माझं नाव राहील, पण या एका ओळीखाली. 'तिचा' म्हणजे कोणाचा, हे सभाघरात कुणाला विचारावं लागणार नव्हतं. आमच्या ओळीतली 'ती' मागच्या खांबाला टेकून बसली होती आणि सगळ्यांची तोंडं हळूहळू तिकडे वळत होती, कोंबड्यांसारखी.

मला वाटलं अबेलिनो काहीतरी बोलेल. त्याने तुंबडी तोंडाला लावली.

"झालंय," मी म्हटलं.

"पाहिलंय का कुणी?" कामिलोंनी सभेला विचारलं. सोराइदाच्या प्रत्येक ओळीला कुणीतरी साक्षीला उठलं होतं, मग माझ्या ओळीलाही साक्ष हवी.

तेव्हा सोराइदा बोलली. जागेवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण नेलिदा, 'केला' असं नको लिहूस. संपल्यासारखं वाटतं. चालू आहे असं लिही. मी समोर राहते, मला रोज सकाळी दिसतं."

सभाघर इतकं हसलं की बाहेर उन्हात वाळत घातलेल्या कोकोच्या बियांवरच्या कोंबड्या उडाल्या. अबेलिनोला ठसका लागला. मी सर्वांत शेवटी हसले, आणि थांबलेही शेवटीच. नेलिदाने खाली मान घालून शब्दाची शेपटी बदलली आणि विचारलं, चालेल ना ओतिलियाबाई? मी म्हटलं, लिही, त्यांचं कधी चुकलंय का?

पुस्तक पुढच्या वर्षी आलं, पातळ, निळ्या कागदाचं. त्यात सोराइदाच्या एकशे चाळीस ओळी आहेत आणि माझी एक. रिकामे चौकोन रिकामेच छापलेत. नेलिदाने ते कसं सोसलं कोण जाणे. शाळा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी पोरं एका सुरात वाचतात, त्याने मला नेलं, तिने त्याला खाल्लं, ती तुला चावली. सगळे आपापल्या जागेवर बसतात, 'री' म्हणजे त्याला, 'रो' म्हणजे तिला, आजोबांना आता कुणी शिजवत नाही. मग माझी ओळ येते. ती पोरांना सगळ्यांत जास्त आवडते. तिथे त्यांचा आवाज चढतो, माझ्या धाकट्या नातीचा सगळ्यांत जास्त.

सोराइदा त्या वेळी पाण्याला जाते. हल्ली तिचे गुडघे दुखतात, तरी ती शाळेवरूनचीच लांबची वाट धरते. कुंपणापाशी भांडं खाली ठेवून उभी राहते. तिच्या स्वतःच्या ओळी चालू असतात तेव्हा ती इकडेतिकडे बघत असते. माझी ओळ आली की डोळे मिटून ऐकते आणि मान हलवते, जणू ती ओळ तिनेच मला सांगितली होती.